धुराची गळती : गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापक समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार व समिती सदस्य,
महाराष्ट्रातील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : शेजारच्या सदनिकेतून आणि जिन्यातून घरात शिरणारा तंबाखूचा धूर व त्याबाबत समितीची जबाबदारी

स.न.वि.वि.

मी ३१ वर्षे वातानुकूलनाच्या कामात काढली. कचेऱ्या, इस्पितळे आणि हॉटेले यांत हवा कुठून घ्यायची, कुठे सोडायची आणि वाटेत ती कुठे चुकते हे पाहण्यातच माझी नोकरी संपली. निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीच्या समितीवर दोन वेळा निवडून आलो, त्यामुळे आपण ज्या खुर्चीत बसता तिचे काटेही मला चांगले ठाऊक आहेत. रविवारची सकाळ पार्किंगच्या भांडणात जाते, मेंटेनन्स थकवणाऱ्यांच्या दारात हात जोडून उभे राहावे लागते आणि एवढे करून आभार कोणी मानत नाही. तरीही हे पत्र लिहीत आहे, कारण तक्रारींच्या वहीत वर्षानुवर्षे येणाऱ्या एका तक्रारीला आपण सगळे जे उत्तर देत आलो ते चुकीचे आहे, असे माझे ठाम मत आहे. मी स्वतःही ते उत्तर दिलेले आहे.

तक्रार अशी असते की, रात्री अकरानंतर बाथरूममधून सिगारेटचा वास येतो, लहान मूल खोकते, खिडकी लावून घेतली तरी फरक पडत नाही. त्यावर समितीचा शेरा ठरलेला असतो : ‘सभासद आपल्या सदनिकेत काय करतात हा त्यांचा खाजगी प्रश्न आहे, उभयतांनी सामोपचाराने मिटवावे.’ आता याच वहीचे मागचे पान उलटून पाहावे. ३०४ च्या बाथरूममधून २०४ च्या छतावर ओल आली, तेव्हा आपण असा शेरा लिहिला होता का? तेव्हा प्लंबर पाठवला, दोन्ही घरे पाहिली, पाणी कुठून येते ते शोधले आणि खर्च कोणाचा हे उपविधीप्रमाणे ठरवले. ३०४ मध्ये कोणी किती वेळ अंघोळ करावी हा त्या घराचा प्रश्न होता, पण ते पाणी २०४ मध्ये उतरले त्या क्षणी तो सोसायटीचा प्रश्न झाला, हे आपण निमूट मान्य केले. धूर हीसुद्धा गळतीच आहे. फरक इतकाच की पाणी वरून खाली येते, आणि धूर कुठल्याही दिशेने जाऊ शकतो.

तो कसा जातो ते थोडे सविस्तर सांगतो, कारण सगळा गैरसमज इथेच आहे.

आपल्या बहुतेक इमारतींत संडास-बाथरूमच्या खिडक्या डक्टमध्ये उघडतात. चार-पाच फूट रुंदीचा, तळापासून गच्चीपर्यंत सरळ गेलेला हा उभा बोगदा. त्यात सांडपाण्याचे पाइप, गीझरच्या नळ्या, कबुतरांची घरटी आणि प्रत्येक मजल्यावरची एक्झॉस्ट फॅनची भोके असतात. वास्तुविशारदाने कागदावर काढला तेव्हा त्याची कल्पना अशी होती की घाण हवा डक्टमध्ये जाईल आणि वर निघून जाईल. ती वर जाते हे खरे आहे. हिवाळ्यात, विशेषतः पुण्या-नाशिककडे, पहाटे बाहेर गारवा आणि आत गीझर, अंघोळी, स्वयंपाक यांची ऊब असली की डक्टमधली हवा हलकी होऊन चढू लागते, अगदी धुराड्यासारखी. पण चढताना तिला वाटेत प्रत्येक मजल्याची खिडकी लागते. आणि त्या खिडकीमागच्या घरात हवेचा दाब डक्टपेक्षा कमी असला, तर ती वर जाण्याऐवजी आत वळते.

दाब कमी का असावा? आपल्याच यंत्रांमुळे. आजकालच्या स्वयंपाकघरातल्या विजेच्या चिमण्यांवर ताशी हजार घनमीटर हवा ओढण्याची क्षमता छापलेली असते. सहाशे चौरस फुटांच्या, दहा फूट उंचीच्या घरात मिळून साधारण १७० घनमीटर हवा असते. म्हणजे ती चिमणी खरोखर छापील क्षमतेने चालली तर दहा मिनिटांत घरातली सगळी हवा बाहेर फेकेल. प्रत्यक्षात ती तितकी चालत नाही, पण जेवढी हवा बाहेर जाते तेवढी कुठून तरी आत यावीच लागते. एसी लावलेला असल्याने दारे-खिडक्या बंद असतात. मग ती बाथरूमच्या झडपांमधून, मुख्य दाराखालच्या फटीतून, भिंतीत पाइप घुसवताना केलेल्या आणि नंतर कधीच न बुजवलेल्या भोकातून येते. घर स्वतःच डक्ट आणि जिना शोषून घेऊ लागते.

हे कोणाला पटत नसेल तर माझ्याकडे एक साधी परीक्षा आहे, तिला एका उदबत्तीचा खर्च येतो. गेल्या वर्षी आमच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावरच्या एका काकूंनी तक्रार केली, तेव्हा मी सेक्रेटरींना घेऊन त्यांच्याकडे गेलो. बाथरूमचे दार बंद केले, पंखे बंद केले आणि पेटलेली उदबत्ती खिडकीच्या झडपांसमोर वीतभर अंतरावर धरली. धुराची रेघ सरळ वर जात होती. मग काकूंना स्वयंपाकघरातली चिमणी चालू करायला सांगितले आणि बाथरूमचे दार अर्धे उघडले. दोन-तीन सेकंदांत ती रेघ वाकली आणि खिडकीकडून घराच्या आत, पार दाराच्या चौकटीपर्यंत आडवी झाली. सेक्रेटरी काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘अहो, आमच्याकडे पण करून बघू.’ त्यांच्याकडेही तेच झाले.

मुंबई-ठाण्यात आणखी एक गोष्ट घडते. दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की तो इमारतीच्या पश्चिम बाजूवर रेटतो, त्यामुळे पश्चिमेकडच्या घरांतली हवा मुख्य दाराखालून मजल्यावरच्या पॅसेजमध्ये आणि तिथून समोरच्या, पूर्वेकडच्या घरांत जाते. समुद्राकडच्या बाल्कनीत उभे राहून सिगारेट ओढणाऱ्याला वाटते की आपण मोकळ्या हवेत आहोत. धुराचा बराचसा भाग वारा त्याच्याच दिवाणखान्यातून नेऊन समोरच्या दारात टाकतो.

हा माझा नुसता तर्क नाही, यात थोडा कबुलीजबाबही आहे. मी स्वतः बारा वर्षे सिगारेट ओढत होतो. घरात मुले लहान होती, म्हणून मोठ्या समजूतदारपणे संडासात जाऊन, कडी लावून, एक्झॉस्ट फॅन चालू करून ओढायचो. आपण कुटुंबाची किती काळजी घेतो याचे मनातल्या मनात कौतुकही होते. हवेचाच धंदा करणाऱ्या माणसाला एवढे सुचले नाही, की तो फॅन धूर नाहीसा करत नाही, फक्त डक्टमध्ये ढकलतो. वरच्या मजल्यावरच्या वृद्ध बाई बाथरूमची काच कायम वर्तमानपत्राने झाकून का ठेवतात, हे मला सिगारेट सोडल्यानंतर तीन वर्षांनी कळले. त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. ‘पुरुष माणूस, काय बोलायचं,’ एवढेच माझ्या पत्नीला म्हणाल्या होत्या.

आता प्रमाणाविषयी. ‘एका सिगारेटने एवढे काय होते’ हा प्रश्न सभेत हमखास येतो, आणि तो रास्त आहे. एक सिगारेट जळताना साधारण दहा मिलिग्रॅमच्या आसपास सूक्ष्म कण हवेत सोडते. हे कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, बहुतेक तर एका मायक्रॉनच्याही आतले असतात. ते केरासारखे खाली बसत नाहीत, तासन्‌तास तरंगत राहतात. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंच खोलीत ३४ घनमीटर हवा असते. दहा मिलिग्रॅम म्हणजे दहा हजार मायक्रोग्रॅम, त्याला ३४ ने भागले की घनमीटरला जवळपास ३०० मायक्रोग्रॅम. बाहेरच्या हवेसाठी आपल्या देशाची चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. क्षणिक आकडा आणि दिवसाची सरासरी यांची थेट तुलना करू नये हे मला मान्य आहे. पण दिल्लीच्या हवेविषयी वाचून आपण ज्या आकड्यांना घाबरतो, ते एक सिगारेट एका बेडरूममध्ये आणून ठेवते, एवढे यातून दिसते.

मग खिडकी उघडून धूर जाईल ना? जाईल, पण आपण समजतो तितक्या लवकर नाही. खोलीतली हवा तासाला एकदा बदलते असे धरले, आणि एसी लावून बंद केलेल्या खोलीत बऱ्याचदा तेवढीही बदलत नाही, तर ३०० चे तासाभरात ११० होतात, दोन तासांनी ४०, तीन तासांनी १५. नवी हवा जुन्या हवेत मिसळत मिसळत तिला पातळ करते, हाताला धरून बाहेर काढत नाही. हेच काम दहा मिनिटांत व्हायचे तर ताशी अठरा वेळा हवा बदलावी लागेल. तेवढ्या वाऱ्यात आणि आवाजात कोणी झोपू शकणार नाही. तोवर दुसरी सिगारेट पेटलेली असते, ते वेगळेच. भिंतीवरचा स्प्लिट एसी तर बाहेरची हवा घेतच नाही, आतलीच फिरवतो आणि गार करतो. त्याच्या जाळीत मोठी धूळ अडकते, धुराचे कण आणि वायू आरपार जातात. हवा शुद्ध करणारी यंत्रे चांगल्या प्रतीची असतील तर कण बऱ्यापैकी पकडतात, परंतु बेंझिन, फॉर्मलडिहाइड, अ‍ॅक्रोलीन, अमोनिया, कार्बन मोनॉक्साइड असे जे वायुरूप पदार्थ धुरात असतात ते कणांच्या गाळणीला जुमानत नाहीत. त्यांतल्या काहींसाठी कोळशाचा जाड थर लागतो आणि कार्बन मोनॉक्साइडपुढे तोही हात टेकतो. सुगंधी फवारे हा तर शुद्ध भाबडेपणा आहे.

माझ्या व्यवसायाने हे कबूल करायला बराच वेळ घेतला. ‘जास्त हवा खेळवू, प्रश्न सोडवू’ असे आम्ही वर्षानुवर्षे गिऱ्हाइकांना सांगत आलो, त्यावर यंत्रेही विकली. शेवटी अमेरिकेतील वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘अ‍ॅश्रे’ या संस्थेने २००५ मध्ये जाहीर भूमिका घेतली, की आतल्या जागेत धूम्रपान चालू ठेवून केवळ वायुवीजनाने आरोग्याचा धोका दूर करता येत नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, अहवालाने सांगितले, की इतरांच्या धुराची धोकारहित अशी कोणतीही पातळी नाही, आणि वेगळे बसवणे, हवा गाळणे किंवा हवा खेळवणे या उपायांनी संपर्क पूर्णपणे टळत नाही. भारतातल्या २००८ च्या नियमांनी हॉटेलांतल्या धूम्रपान कक्षासाठी ज्या अटी घातल्या त्या वाचल्या तरी पुरे. छतापर्यंत पूर्ण भिंती, आपोआप बंद होणारे दार, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी, आणि तिथली हवा इमारतीत परत न फिरवता थेट बाहेर. असे कक्ष मी उभारलेले आहेत. वेटर ट्रे घेऊन दार उघडतो, त्या प्रत्येक वेळी थोडा धूर त्याच्या पाठोपाठ बाहेर येतो. एवढा बंदोबस्त करून ही गत, तर आपल्या संडासाच्या खिडकीकडून काय अपेक्षा करणार?

तक्रारीची पाहणी करताना समित्या आणखी एका गोष्टीत फसतात, ती म्हणजे नाक. नाक फार लवकर सरावते. धुराच्या खोलीत शिरताना जो भपका जाणवतो तो काही मिनिटांत विरल्यासारखा वाटतो, धूर मात्र तितकाच असतो. डोळ्यांची आणि घशाची गोष्ट नेमकी उलट आहे. त्यांची जळजळ वेळ जाईल तशी वाढते. म्हणून ज्याच्या घरात रोज ओढली जाते तो अगदी प्रामाणिकपणे म्हणतो, ‘वास कुठे येतोय?’, आणि शेजारी तितक्याच प्रामाणिकपणे म्हणतो, ‘डोळे चुरचुरतात.’ दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते. समिती रविवारी सकाळी साडेदहाला येते, दोन मिनिटे उभी राहते आणि ‘काही विशेष आढळले नाही’ असे लिहून जाते. गळतीची पाहणी नळ बंद ठेवून केल्यासारखेच हे आहे. डेन्मार्कच्या फँगर या प्राध्यापकांनी १९८८ मध्ये हवेतला कोंदटपणा मोजण्यासाठी एक एकक सुचवले, ‘ओल्फ’. शांत बसलेला, स्वच्छ राहणारा एक माणूस हवा जितकी खराब करतो तो एक ओल्फ. सिगारेट ओढत असलेला माणूस त्यांच्या मोजणीत २५ ओल्फ भरला. म्हणजे धुराच्या वेळी आपल्या खोलीत चोवीस माणसे जादा येऊन बसतात, आणि ती निरोप न घेता बराच वेळ तिथेच राहतात.

धूर किती काळ रेंगाळतो हे पाहायचे असेल तर एसीच्या सर्व्हिसिंगवाल्याला विचारावे. ज्या घरात रोज ओढतात तिथली जाळी आणि आतली कॉइल धुताना पहिल्या बादलीचे पाणी कोऱ्या चहासारखे निघते आणि फडक्याला चिकटा लागतो. तोच थर पडद्यांवर, गाद्यांवर, भिंतींवर असतो. विकत वा भाड्याने घेतलेल्या घराला रंग देऊनही पावसाळ्यात जुना वास का उमटतो, याचे उत्तर त्या चिकट्यात आहे.

आरोग्याविषयी मी डॉक्टर नसल्याने थोडक्यात लिहितो. तोक्योच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील ताकेशी हिरायामा यांनी स्वतः कधीही न ओढणाऱ्या ९१,५४० विवाहित स्त्रियांची चौदा वर्षे नोंद ठेवली आणि १९८१ मध्ये दाखवून दिले, की नवरा जितक्या सिगारेटी ओढतो तितके बायकोच्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढते. तंबाखू उद्योगाने त्या निष्कर्षावर तुटून पडण्यात पैसा आणि माणसे दोन्ही खर्ची घातली, पण पुढच्या अभ्यासांनी तोच निष्कर्ष पक्का केला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये इतरांच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या निश्चित कारणांच्या यादीत घातले. या धुरामुळे हृदयविकाराचा धोका पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढतो, मुलांत दमा बळावतो, कानाचे विकार वाढतात. जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक न ओढणारी माणसे याने दगावतात. मात्र माझे म्हणणे या आकड्यांवर उभे नाही. उद्या कोणी सिद्ध केले की डक्टमधून येणाऱ्या पातळ धुराने एकही माणूस मरत नाही, तरी रात्री साडेअकराला डोळे चोळत उठलेल्या मुलाची तक्रार तक्रारच राहील. छतावरच्या ओलीनेही कोणी मरत नाही, तरी आपण प्लंबर बोलावतोच.

‘आमच्याकडे फार थोडे लोक ओढतात’ असेही काही सेक्रेटरी सांगतात. ते बरोबर आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्केच निघाले, आपल्याकडचा तंबाखू मुख्यतः मळून, चघळून आणि मशेरी लावून संपतो. (जिन्याच्या कोपऱ्यातल्या लाल पिचकाऱ्यांविषयी वेगळे पत्र लिहावे लागेल.) परंतु याच कारणाने हा प्रश्न सुटायला सोपा आहे. साठ बिऱ्हाडांच्या इमारतीत मोजकी दोन-चार घरे आणि दोन डक्ट यांच्यापुरता हा विषय असतो.

कायद्याची बाजू स्पष्ट आहे तेवढीच सांगतो. केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सार्वजनिक धूम्रपानाला मनाई केली. त्यानंतर मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी इस्पितळे, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, रेल्वे अशा ठिकाणी बंदी घालण्याचे आदेश दिले. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या कलम ४ ने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली, कलम २१ ने दोनशे रुपयांपर्यंत दंड ठेवला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनी कामाच्या जागाही त्यात आणल्या. ‘जिना’ हा शब्द त्या यादीत नाही. पण लोकांना हक्काने असो वा नसो, जिथे प्रवेश असतो ती जागा सार्वजनिक, अशी कायद्यातली व्याख्या आहे, आणि आपल्या जिन्यावरून दूधवाला, कुरिअरवाला, मतदार यादीवाला रोज ये-जा करतात. सोसायटीचे कार्यालय ही तर कोणाची तरी कामाची जागा आहेच. सदनिकेच्या आत मात्र हा कायदा शिरत नाही, हे प्रांजळपणे मान्य करावे लागते. तिथे आपल्या हाती आदर्श उपविधी आहेत. इतर सभासदांना उपद्रव, त्रास किंवा गैरसोय होईल असे काही सभासदाने आपल्या सदनिकेत करू नये, हे त्यांत आधीपासून लिहिलेले आहे. भजनाचा ध्वनिक्षेपक आणि रात्रीच्या पार्ट्या या कलमाखाली आपण बंद केल्या, मग धुरालाच त्यातून सूट का दिली?

बाहेरच्या जगाने हा विषय दोन्ही प्रकारे हाताळला आहे. सिंगापूरने सरकारी वसाहतींच्या सामायिक पॅसेजमध्ये आणि जिन्यांत बंदी घातली, पण घराच्या आत हात घातला नाही. अमेरिकेने सरकारी गृहवसाहतींत जुलै २०१८ पासून घरांसकट आणि इमारतीपासून २५ फुटांपर्यंत बंदी केली. मी दुसऱ्या टोकाला जाण्याच्या मताचा नाही. आपल्याकडे माणसाला त्याच्या मालकीच्या घरात काय करू नये हे सांगायला गेले की मूळ विषय बाजूला पडून वॉर्डातली भांडणे बाहेर येतात. धूर बाहेर पडू न देणे ही त्याची जबाबदारी आहे, एवढेच समितीने धरून बसावे.

त्यासाठी काय करता येते? जिना, लिफ्ट, पॅसेज, पार्किंग आणि गच्चीच्या दारामागची जागा येथे पूर्ण मनाई करावी आणि ती कागदावर न ठेवता जिन्याच्या वळणावरचा वाळू भरलेला डबा आधी उचलावा. राखेचा डबा तिथे असेल तर भिंतीवरच्या पाटीला कोण विचारतो? नियमात पाटीचे माप ६० बाय ३० सेंटिमीटर दिले आहे, तेच वापरावे आणि तक्रार कोणाकडे करायची ते नाव त्यावर असावे. डक्टमध्ये उघडणाऱ्या प्रत्येक एक्झॉस्ट फॅनला, तो बंद झाल्यावर आपोआप मिटणाऱ्या पाकळ्या बसवून घ्याव्यात. त्याचा खर्च एका जेवणाइतका असतो आणि उलटी येणारी हवा बरीच अडते. पाइपांभोवतीची भोके बुजवावीत, मुख्य दाराखाली ब्रशची पट्टी लावावी, आणि चिमणी चालवताना स्वयंपाकघराची बाहेरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे घर डक्टमधून श्वास घेणार नाही. यातले बहुतेक काम तक्रारदाराच्याच घरातले आहे याची मला कल्पना आहे आणि ते थोडे अन्यायाचे आहे, पण गळतीतही वरच्याने फरशी फोडेपर्यंत खालचा बादली ठेवतोच. ज्याच्या घरातून धूर येतो त्याला मात्र स्पष्ट सांगावे, की संडासात फॅन लावून ओढणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे.

आणि त्याला जागाही द्यावी. ही सूचना ऐकून आमच्या सभेत दोन महिला सभासद भडकल्या होत्या, तरी मी तिच्यावर ठाम आहे. सवय एका ठरावाने सुटत नाही, मला बारा वर्षे लागली. आवारात भिंतीलगत, कोणत्याही खिडकीपासून २५ फूट दूर, डक्टच्या तळापासून तर अगदी लांब, अशी एक उघडी जागा ठरवावी. आमच्याकडे ती मागच्या गेटजवळ बदामाच्या झाडाखाली आहे. तळमजल्याच्या खिडकीखाली मात्र चुकूनही ठरवू नये. तसे केले तर सातव्या मजल्यावरचा त्रास फक्त पत्ता बदलतो. रात्रपाळीच्या वॉचमनलाही तीच जागा दाखवावी, कारण केबिनमध्ये बिडी ओढणाऱ्या वॉचमनवर सगळे सभासद ओरडतात आणि लिफ्टमध्ये सिगारेट पेटवून चढणाऱ्या सभासदाला कोणी हटकत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

एका आक्षेपाला उत्तर द्यायचे राहिले. ‘मग उदबत्ती, धूप आणि डासांची कॉइल यांचे काय?’ हा प्रश्न बहुधा चेष्टेने विचारला जातो, पण तो चेष्टेवारी नेण्याजोगा नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डासांची एक कॉइल ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते असे आढळले होते. कणांच्या वजनापुरती ही तुलना आहे, तरी ती डोळे उघडणारी आहे, आणि मी त्या दिवसापासून घरी मच्छरदाणी लावतो. म्हणून ठरावाच्या शब्दांत ‘धूर’ येऊ द्यावा. कोणाच्या कॉइलचा धूर शेजाऱ्याच्या घरात जात असेल तर त्याच्याकडेही पाहणी व्हावी, माझ्या घरापासून सुरुवात केली तरी चालेल.

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांना एक जादा विनंती आहे. विकासकाशी चटईक्षेत्र आणि कॉर्पस फंड यांवर महिनोन्‌महिने वाटाघाटी होतात, डक्टवर पाच मिनिटेही होत नाहीत. प्रत्येक बाथरूमचा एक्झॉस्ट सामायिक डक्टमध्ये न सोडता शक्य तिथे बाहेरच्या भिंतीतून काढावा, आणि जिथे डक्ट अटळ आहे तिथे प्रत्येक घराची हवा नळीतून थेट गच्चीवर जाईल, अशी अट करारात लिहून घ्यावी. इमारत उभी राहिल्यावर यातले काहीही करता येत नाही.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. उपविधीतच दुरुस्ती करायची तर विशेष बहुमत आणि निबंधकांची मंजुरी लागते, त्यात दोन वर्षे जातील. तोवर साधा ठरावही पुरेसा आहे. आमच्या सभेत संमत झालेला खाली देत आहे. कोणत्याही समितीने तो जसाच्या तसा किंवा बदलून घ्यावा.

‘संस्थेच्या आवारातील जिना, लिफ्ट, पॅसेज, पार्किंग, गच्चीकडील बंदिस्त भाग, कार्यालय व वॉचमन केबिन येथे धूम्रपानास मनाई राहील. धूम्रपानासाठी मागील गेटजवळील उघडी जागा नेमून देण्यात येत आहे. एका सदनिकेतील धूर दुसऱ्या सदनिकेत येत असल्याची लेखी तक्रार आल्यास ती गळतीच्या तक्रारीप्रमाणे नोंदवून, सात दिवसांच्या आत, तक्रारदाराने सांगितलेल्या वेळी, दोन समिती सदस्यांनी दोन्ही सदनिकांत पाहणी करावी. पाहणीच्या वेळी स्वयंपाकघरातील चिमणी व एक्झॉस्ट फॅन चालू व बंद अशा दोन्ही स्थितींत उदबत्तीची परीक्षा घेऊन तिचा निष्कर्ष तक्रार वहीत नोंदवावा.’

आपला,
एक सभासद (निवृत्त वातानुकूलन अभियंता), ठाणे